एक मंगलाष्टक पुढे सरकलेला कॅमेरा

जबाब
दि. १७/०२/२०२५, पोलीस ठाणे, ता. भोर, जि. पुणे

माझे नाव कोमल सार्थक खुटवड, वय ३१ वर्षे, शिक्षण बारावी, धंदा लग्नाचे व्हिडिओ एडिटिंग, रा. नसरापूर, ता. भोर, जि. पुणे.

मी आज रोजी स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. समन्स नाही, फोन नाही. हे सगळ्यात आधी लिहा असे मी हवालदार साहेबांना सांगितले, कारण उद्या गावात भलतेच पसरेल.

मी वरील पत्त्यावर पती सार्थक व सासूबाईंसह राहते. नसरापूरच्या बाजारपेठेत आमचा फोटो-व्हिडिओचा गाळा आहे. शूटिंग सार्थक करतात, एडिटिंग मी करते. लग्न मोठे असले की पालीचे कुंडलिक शिळीमकर यांना जास्तीच्या कॅमेऱ्यासाठी बोलावतो. मी स्वतः लग्नाला सहसा जात नाही. भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या नवऱ्या मला तोंडपाठ आहेत, पण त्यांनी मला कधी पाहिलेले नाही.

दि. ०९/०२/२०२५ रोजी दुपारच्या मुहूर्तावर भाटघर धरणाच्या कडेला म्हसोबावाडी येथे सोमेश्वर बांदल यांच्या पुतणीचे लग्न होते. मांडव त्यांच्याच रानात घातला होता. मांडवामागे पिण्याच्या पाण्याचे पिंप, त्यामागे आचाऱ्याची चूल, चुलीपलीकडे भांडी घासायची जागा, आणि तिथून उतार उतरला की धरणाचे पाणी. मध्ये साधी दोरीसुद्धा बांधलेली नव्हती. मी तिथे गेले नव्हते, तरी ती जागा मला आता घरच्या परड्यासारखी पाठ झाली आहे.

त्या लग्नात नवरीची थोरली बहीण सोनिया हिची मुलगी शेफाली, वय साडेतीन वर्षे, ही मंगलाष्टकं चालू असताना दिसेनाशी झाली व नंतर पाण्यात मयत सापडली. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. सोनिया करवली होती. हातात करा-दिवा घेऊन नवरीच्या मागे उभी होती, तिला जागचे हलता येत नव्हते. पोरगी बायकांच्यात बसवली होती. एवढ्या बायकांच्यात पोर बसवले म्हणजे ते एकीच्याही ताब्यात नसते, असे माझे मत आहे. साहेब म्हणाले, जबाबात मत लिहीत नाहीत. मी म्हटले, मग त्या म्हातारीला रोज हजेरीला बोलावताय ते कशावरून? सगळ्यांच्या मतावरूनच ना? तेव्हा साहेबांनी लिहिले.

म्हातारी म्हणजे धोंडाबाई गेनू ढेबे, वय अंदाजे साठ, रा. वेल्ह्याकडच्या डोंगरावरची वस्ती. शेळ्या-गुरे राखणारे घर आहे. लग्नसराईत त्या आचाऱ्याबरोबर भांडी घासायला येतात. त्यांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच आहे. "पोरीचं हात जिलबीनं चिकाट झालं व्हतं. म्या न्हेली, हात धुतलं, आन् परत मांडवात बायांपाशी आणून सोडली." बायका म्हणतात, आम्ही आणून सोडलेली पाहिली नाही. खरे आहे, त्यांनी नाहीच पाहिली. सगळ्या स्टेजकडे तोंड करून अक्षता टाकत होत्या, धोंडाबाईंकडे कोण कशाला बघेल? पोर मेल्यावर मात्र सगळ्यांना त्या दिसल्या.

घटनेच्या दुसऱ्या दिवशी सोमेश्वर बांदल चार-पाच माणसे घेऊन आमच्या गाळ्यावर आले. ते म्हणाले, "ताई, तिन्ही कॅमेरे एका पडद्यावर शेजारी-शेजारी लावून द्या. कोन कवा कुठं व्हतं ते एकदा दिसू द्या." त्यांचे डोळे सुजलेले होते, पायात चप्पल नव्हती. मला नाही म्हणवले नाही. उद्या या, परवा या, असे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. त्या दिवशी मात्र बसले आणि संध्याकाळच्या आत व्हिडिओ करून दिला. तोच व्हिडिओ पोलिसांकडे आला आणि तोच सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला.

तो व्हिडिओ चुकीचा आहे. हे सांगण्यासाठी मी आले आहे.

चूक कशी झाली ते साहेबांना समजत नव्हते, म्हणून सविस्तर सांगते. तीन कॅमेरे म्हणजे तीन माणसे, प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. एकात सकाळचे नऊ, दुसऱ्यात सात वर्षांपूर्वीची तारीख. ती लावत कोणीच बसत नाही. म्हणून सार्थक सुरुवातीला तिन्ही कॅमेऱ्यांपुढे मोठ्याने टाळी वाजवतात. कॉम्प्युटरवर आवाज रेघांसारखा दिसतो, टाळीची रेघ सगळ्यात उंच येते. तिन्हीतल्या त्या उंच रेघा एकाखाली एक आणल्या की तिन्ही चित्रे एका वेळेला बसतात. पुढे एखादा कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला, तर टाळी गेली. मग दुसरे काहीतरी शोधावे लागते.

एक नंबरचा कॅमेरा स्टेजवर कुंडलिक यांच्याकडे होता. दोन नंबरचा पाहुण्यांमध्ये माझे पती सार्थक यांच्या हातात होता. तीन नंबरचा मागे स्टँडवर नुसता लावून ठेवला होता, त्यात पूर्ण मांडव आणि चुलीची बाजू दिसते. मंगलाष्टकं चालू असताना तीन नंबरची बॅटरी संपली. कुंडलिक यांनी पळत जाऊन बदलली व ते परत स्टेजवर गेले. म्हणजे तीन नंबरचा पुढचा भाग मध्येच, टाळीशिवाय सुरू होतो. त्यात जनरेटर शेजारीच, त्यामुळे शब्द काही कळत नाहीत. नुसती चाल कळते आणि शेवटचे "सावधान" कळते. मंगलाष्टकांची चाल एकच असते, हे साहेबांनाही माहीत आहे.

मी "सावधान" धरले. "सावधान" झाले की सगळ्यांचे हात वर जातात, अक्षता उडतात. तिन्ही चित्रांत हात एकदमच वर गेले. मला वाटले, बसले. पण हात तर प्रत्येक मंगलाष्टकाला वर जातात! सहाव्याचे हात सातव्याच्या हातांशी जुळवले तरी ते जुळलेलेच दिसणार. इतकी वर्षे हे काम करून मला ते सुचले नाही, कारण लग्नात एवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही. नवरीची आत्या एका मंगलाष्टकापुढे हसली काय आणि मागे हसली काय, कोण विचारतो?

इथे बिघडले. मी तीन नंबर एक मंगलाष्टक पुढे सरकवून बसवला होता. त्यामुळे व्हिडिओत असे दिसले की, आधी शेफाली दोन नंबरच्या कॅमेऱ्यात बायकांच्यात आहे, आणि त्यानंतर तीन नंबरच्या कॅमेऱ्यात धोंडाबाई तिचा हात धरून चुलीकडे नेत आहेत. त्यानंतर पोरगी कुठेच नाही. माणसे बघून म्हणाली, हिनेच पाण्याकडे नेली आणि सोडून आली. मी दुसरी कोणी असते तर मीही तेच म्हटले असते.

शनिवारी सकाळी धोंडाबाईंचा मुलगा भिमा गाळ्यावर आला. मी त्याला ओळखत नव्हते. त्याने मोबाईल पुढे धरला आणि म्हणाला, "ताई, ह्यात माजी आय जाताना दिसती. येताना का दिसत न्हाई, येवढंच बगा." मी म्हटले, अरे बाबा, जे कॅमेऱ्यात नाही ते मी कुठून आणू? मांडवात परत यायची वाट चुलीला आडोसा म्हणून लावलेल्या कापडामागून आहे, ती कॅमेऱ्यात येत नाही. तो गेला नाही. गिऱ्हाईक आले, गेले, तो दारातच उभा. मी त्याच्यावर ओरडले, माझ्या डोक्याला ताप देऊ नकोस म्हणून. तो म्हणाला, "आय जेवत न्हाई. खालच्या गावात कुनी पानीबी देत न्हाई तिला. म्हनती, पोरीला म्या मारलीच आसंल तर मला आठवत का न्हाई?" म्हातारीला आता स्वतःवरच शंका यायला लागली होती. त्याला कटवायचे म्हणून मी व्हिडिओ उघडला होता, हे खरे आहे, पण त्यानंतर मी तो नीट पाहिला.

नवरीच्या आत्या अंबूबाई यांनी सातवे मंगलाष्टक म्हटले होते. स्वतः रचलेले, त्यात सासर-माहेरच्या सगळ्यांची नावे गोवलेली. पोपटी रंगाची पैठणी, अंगाने भरलेल्या, लांबूनही चुकत नाहीत. एक नंबरमध्ये अंबूबाई स्टेजवर माईक धरून गात होत्या. त्याच क्षणी तीन नंबरमध्ये अंबूबाई मागे पिंपापाशी पाणी पीत होत्या. एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी! मी भिमाला म्हटले, "बस खाली." तो उंबऱ्यावर बसला.

मी तीन नंबर एक मंगलाष्टक मागे ओढला. मग अंबूबाई सहाव्याला पाणी पितात, पदर सावरत स्टेजकडे निघतात आणि सातवे गायला माईकपाशी पोचतात. सगळे जिथल्या तिथे बसले. आणि धोंडाबाई पोरीला नेतात ते सहावे मंगलाष्टक चालू असताना. शेफाली दोन नंबरच्या कॅमेऱ्यासमोर येते ते सातव्याच्या सुरुवातीला. म्हणजे त्यानंतर. म्हणजे धोंडाबाईंनी तिला परत आणून सोडली होती. दोन नंबरमध्ये पोरीचा फ्रॉक पुढून ओला आहे, ओले हात पुसल्यासारखा. तो पहिल्या दिवसापासून तसाच दिसत होता. मी पाहिला नाही, पोलिसांनी पाहिला नाही, ज्यांनी मोबाईलवर शंभरदा बघितले त्यांनीही नाही.

भिमाला सांगितल्यावर तो उंबऱ्यावरून उठला. "मंग म्या आयला सांगू का?" एवढेच विचारले. मी म्हटले, थांब, अजून एक गोष्ट बघायची आहे. सोमवारपर्यंत थांब. तो गेला.

बघायची नव्हती, ऐकायची होती. पहिल्या व्हिडिओत मी फक्त एक नंबरचा आवाज ठेवला होता. लग्नात तसेच करतात, बाकी दोन्हींचे आवाज बंद. दुपारी मी गाळ्याचे दार लोटून घेतले आणि दोन नंबरचा आवाज चालू केला. शेफाली कॅमेऱ्यासमोर येते आणि काचेत तोंड बघते. मागे अंबूबाईंचे सातवे मंगलाष्टक ऐकू येते, नावानिशी. आणि कॅमेऱ्यामागून माझे पती सार्थक खेकसून म्हणतात, "ए पोरी, सरक की! तिकडं जा, तिकडं खेळ जा." ती वर बघते. मग चुलीच्या बाजूने चित्रातून निघून जाते. पुढे शेवटचे मंगलाष्टक येते, सगळे उठून उभे राहतात आणि तीन नंबरमध्ये नुसत्या पाठी दिसतात. ती कोणालाच दिसत नाही.

मला साहेबांनी विचारले की, आवाज सार्थक यांचाच आहे याची खात्री आहे का? नऊ वर्षे झाली लग्नाला. खात्री आहे.

सार्थक गाळ्यावर जेवायला आले तेव्हा मी म्हटले, "अहो, हे जरा ऐका." त्यांनी एकदा ऐकले. मी दुसऱ्यांदा लावायला लागले तसे त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बराच वेळ ते टेबल पुसत बसले, टेबल स्वच्छ होते. मग म्हणाले, "दोन नंबरचा आवाज आपण असाही ठेवत नाही. काढून टाक. चित्र दे. चित्रात म्हातारी सुटतीय ना? मग झालं."

मलाही क्षणभर वाटले, झालं. पण आवाज काढला तर ते सातवे मंगलाष्टक होते हे कशावरून दाखवायचे? टाळीवरून जुळवले म्हटले तर माझी एक जुळवणी आधीच चुकलेली, कोण मानेल? दोन नंबर कॅमेऱ्यात स्टेज दिसत नाही. अंबूबाईंचा आवाज आणि सार्थक यांचा आवाज एकाच पट्टीवर, एकमेकांत मिसळलेले आहेत. एक ठेवून दुसरा काढता येत नाही. सार्थक यांना वाचवायचे तर म्हातारी अडकते. मी हे त्यांना सांगितले. त्यांना हे माझ्याआधी कळले होते, कॅमेरा त्यांचाच आहे.

ते म्हणाले, "लोक मला फाडून खातील. सोनियाच्या नवऱ्याला काय तोंड दाखवू?" मी म्हटले, "धोंडाबाईंनी आठवडाभर कुठलं तोंड दाखवलं?" ते म्हणाले, "मी काय मुद्दाम केलं का?" मी म्हटले, "नाही केलं. म्हणून तर सांगायचं." त्यावर ते ताट तसेच ठेवून उठले. रविवारी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सासूबाईंनी विचारले तर दोघांनीही काही नाही म्हणून सांगितले.

माझा सार्थक यांच्यावर राग आहे, तो पोरीला हाकलल्याचा नाही. प्रत्येक लग्नात पोरे कॅमेऱ्यापुढे येतात आणि प्रत्येक लग्नात कॅमेरावाला हाकलतो. पोरांना मध्ये येऊ देत जाऊ नका, सगळा शॉट वाया जातो, असे घरी मीच त्यांना सांगत आले आहे. तेव्हा त्या खेकसण्यात माझा वाटा आहे, तोही लिहावा. राग आहे तो आवाज काढून टाक म्हणाल्याचा. आणि मी लगेच नाही म्हटले नाही, याचा माझ्यावरही आहे.

आज सकाळी मी हार्ड डिस्क पिशवीत घालून एस.टी.ने निघाले. घरी कोणाला सांगितले नाही. कापूरहोळला गाडी थांबली तेव्हा सार्थक मोटारसायकलवर मागून आले व खिडकीखाली उभे राहिले. "उतर," म्हणाले. मी उतरले. "बस मागं," म्हणाले. मी विचारले, "कुठं?" ते म्हणाले, "भोरला." वाटेत त्यांचा खांदा मी धरला नव्हता. भाटघरच्या पुढे आल्यावर धरला.

आम्ही आलो तेव्हा ठाण्याबाहेर बाकावर धोंडाबाई हजेरीसाठी बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिले. व्हिडिओत त्या उंच वाटतात, तशा नाहीत. मी जवळ बसून सांगितले की, आजी, तुम्ही पोरीला परत आणून सोडली होती, ते कॅमेऱ्यात आहे, चूक माझी झाली. मला वाटले शिव्या देतील, द्यायला हव्या होत्या. त्यांनी विचारले, "मंग मला येडं लागल्यालं न्हाई ना गं?" मी म्हटले, "नाही आजी." तेव्हा त्या तोंडात पदर कोंबून रडल्या. सार्थक समोर उभे होते. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, अजून तिथेच आहेत. त्यांना जबाब द्यायचा आहे असे ते म्हणाले आहेत. धोंडाबाईंना त्यांनी काही सांगितले असेल तर मला माहीत नाही.

तिन्ही कॅमेऱ्यांचे मूळ चित्रण, काहीही न कापता, आवाजासह हार्ड डिस्कवर मी पोलिसांना हजर केले आहे. कुंडलिक शिळीमकर बॅटरी बदलल्याचे सांगतील. आधीचा व्हिडिओ कोणी पुरावा म्हणून धरू नये. तो ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलवर आहे त्यांनाही तसे सांगावे, अशी माझी विनंती आहे. साहेब म्हणाले, ते काम पोलिसांचे नाही. मग ते माझे आहे. मी म्हसोबावाडीला आणि वरच्या वस्तीवर जाऊन सांगेन.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मराठीत वाचून दाखवला. वाचताना दार उघडे ठेवावे अशी मी विनंती केली, कारण बाकावरच्या दोघांनाही ऐकू जायला हवे होते. माझे पती पोरीला जे बोलले त्याच्याआधी साहेबांनी आपल्या मनाने "समजावून" असे लिहिले होते. साहेब म्हणाले, बाई, नवरा आहे तुमचा, राहू द्या. तो शब्द मी सांगितलेला नव्हता. तो खोडून तिथे "खेकसून" लिहायला लावले व त्या खोडाखोडीवर सही केली. आता जबाब मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही
कोमल सार्थक खुटवड